आरशाची परीक्षा

आमच्या घरात म्हणी दोन भाषांत चालतात. वडिलांकडची आजी म्हणायची, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आईकडची आजी चिकोडीकडची. ती म्हणायची, "अंगै हुण्णिगे कन्नडी बेके?" तळहातावरच्या फोडाला आरसा हवा का? अर्थ एकच. जे डोळ्यांसमोर आहे त्याला पुरावा कशाला? फरक एवढाच की एका आजीला कांकण दिसलं आणि दुसरीला फोड.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत सुरतेला गेले आणि तिथे असा आरसा पाहिला की दोन्ही आज्यांच्या म्हणी अडचणीत याव्यात. या आरशाला फोड होता. पण तो डोळ्यांना दिसत नव्हता, बोटाला लागत नव्हता, भिंगातूनही सापडत नव्हता. तो शोधायला एक दिवा, दाढीचं ब्लेड आणि आकाशातला एक तारा लागला. आणि सापडल्यावर तो बोलून दाखवायचं काम माझ्यावर आलं.

माझी मावसबहीण, आमची अक्का, लग्न होऊन सुरतेला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. दाजी मूळचे नंदुरबारकडचे. खानदेशातून उधना-जळगाव रेल्वेमार्गानं कामासाठी सुरतेला गेलेली मराठी माणसं हजारोंनी आहेत. उधना, लिंबायत या भागांत फिरताना कानावर मराठी आणि अहिराणी सहज पडते. दाजींची सारी हयात हिऱ्याच्या कारखान्यात गेली. सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याला साध्या बोलीत 'हीराघसू' म्हणतात, मानानं बोलायचं तर 'रत्नकलाकार'. अक्का घरात मराठी, बाजारात गुजराती आणि रागावली की कन्नड बोलते.

मी बेळगावचा कुंदा घेऊन गेले होते. 'सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण' म्हणतात ते तिकडे काही खोटं नाही. पहिले दोन दिवस लोचो आणि घारी यांतच गेले. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, वर गच्चीतल्या खोलीत या. एक गंमत दाखवतो."

भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २२ जुलै २००९ च्या पहाटे खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेवरून गेला, तेव्हा हा जेमतेम तीन वर्षांचा होता. अक्का त्याला कडेवर घेऊन गच्चीत उभी होती. पावसाळी ढगांमुळे सूर्य काही दिसला नाही, पण उजाडलेला दिवस पुन्हा अंधारला. "तेव्हापासून याला आकाशाचं वेड आहे," असं अक्का सांगते. त्याला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, पण आईच्या गोष्टीला तो हरकत घेत नाही.

खोलीत पाण्याचं रिकामं पिंप उलटं ठेवलेलं आणि त्यावर काचेची जाड, गोल चकती. सहा इंच व्यासाची. गेले पाच महिने हा मुलगा ती चकती घासत होता. दुर्बिणीसाठी अंतर्वक्र आरसा तयार करत होता.

घासायची पद्धत ऐकून मला नवल वाटलं. सारख्या आकाराच्या दोन काचा घ्यायच्या. खालची पिंपावर पक्की करायची, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालायचं, आणि वरची काच पुढे-मागे घासत पिंपाभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालायची. बास. वरची काच आपोआप मधोमध खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. भुकटी आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी डांबरासारख्या पिचच्या गादीवर सेरियम ऑक्साइड लावून पॉलिश. एवढ्या खटाटोपानंतर सहा इंची काचेला मधोमध किती खोली येते? जेमतेम सव्वा मिलिमीटर. आरशाचं नाभीय अंतर चार फूट, म्हणजे व्यासाच्या आठपट.

पुण्याच्या आयुका संस्थेनं अशा दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत आणि महाराष्ट्रात हौशी मंडळींनी आपापले आरसे घासून केले आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून आकाशाची गोडी लावते आहे. आणि हे काम केवळ हौसेचं नाही बरं का. तमिळनाडूतल्या कावलूरला वेणू बाप्पूंच्या नावाची जी मोठी दुर्बीण १९८६ पासून आहे, तिचा २.३४ मीटरचा आरसा आपल्या बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतच घासून-पॉलिश करून तयार झाला. यंत्रं मोठी, पण तत्त्व पिंपावरचंच.

भाच्याची काच पारदर्शक होती, मुलामा अजून चढवायचा होता. दाजी खिशातलं दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून काच उजेडात फिरवू लागले. सत्तावन्न पैलूंचा इवला हिरा ज्यांनी आयुष्यभर तपासला, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? "इथे एक केसाएवढा ओरखडा आहे. इथे दोन टाचण्यांएवढे खड्डे. माल दोन नंबरचा," दाजींनी निकाल दिला.

मला मात्र काच सुंदर वाटली. तळ्याचं पाणी गोठवून ठेवावं अशी. मी म्हटलं, "एवढी चकचकीत आहे, आणखी काय पाहिजे?"

भाचा हसला. म्हणाला, "बाबा, त्या ओरखड्यानं जवळजवळ काही बिघडत नाही. तेवढ्या जागेवरचा प्रकाश वाया जातो, आणि ती जागा आहे केवढी? आणि मावशी, चकाकीचा तर काहीच संबंध नाही. घरातला आरसा याहून जास्त चकाकतो, पण त्यानं शनीची कडी दिसत नाही."

म्हणजे दाजींनी ज्यासाठी नापास केलं ते कारण खोटं, आणि मी ज्यासाठी पास केलं तेही खोटं! मग या आरशाची परीक्षा करायची तरी कशी?

याचं उत्तर समजायला आधी आरशाचं काम समजायला हवं. दूरच्या ताऱ्याचे किरण समांतर येतात. आरशाच्या मध्यावर पडलेला किरण आणि कडेवर पडलेला किरण, दोघांना एकाच बिंदूवर आणणं एवढंच त्याचं काम. त्यासाठी आकार पॅराबोलाचा लागतो. चेंडूच्या आतल्या बाजूसारखा नुसता गोल आकार कडेचे किरण थोडे अलीकडेच गोळा करतो आणि प्रतिमा धूसर होते. चूक किती चालते? इंग्लंडच्या लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात घालून दिलेला ठोकताळा अजून वापरतात: आरशावरून निघालेल्या प्रकाशलहरीत लहरीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त चूक नको. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणून काचेवर ती आठव्या हिश्शाहून जास्त नको. हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर साधारण ७० नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा हजारावा भाग!

आपल्या भाषेत सांगते. बेळगाव ते हुबळी हे साधारण शंभर किलोमीटर अंतर. भाच्याची चकती ताणून एवढी मोठी केली, तर त्या अख्ख्या मुलखात पाच सेंटिमीटरचा उंचवटासुद्धा चालणार नाही. आता सांगा, कुठलं भिंग हा उंचवटा पकडणार?

पण तो पकडता येतो, आणि तोही जवळजवळ फुकटात. ही करामत फ्रान्सच्या लिओं फूको यांची. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे १८५१ मध्ये लंबक टांगून पॅरिसकरांना दाखवणारे तेच फूको. १८५८ च्या सुमारास त्यांनी आरसा तपासायची ही रीत काढली. भाच्यानं ती मला करून दाखवली.

रात्री अकरा वाजता त्यानं खोलीतला पंखा बंद केला. मे महिना, सुरत आणि पंखा बंद! "हवा हलली की आरशावर धूर फिरल्यासारखा दिसतो," तो म्हणाला. आरसा खोलीच्या एका टोकाला उभा केला. बरोबर आठ फुटांवर एक छोटा दिवा, त्यापुढे बारीक फट. त्या फटीतला प्रकाश आरशावर जाऊन परत दिव्याशेजारीच एका बिंदूत गोळा होतो. त्या बिंदूमागे डोळा ठेवला की अख्खा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. मग त्या बिंदूत बाजूनं दाढीचं ब्लेड हळूहळू सरकवायचं.

मी डोळा लावला. ब्लेड सरकलं आणि सपाट गुळगुळीत वाटणारी ती काच एकदम डोंगर-दऱ्यांची झाली! संध्याकाळी तिरपं ऊन पडल्यावर माळावरचा प्रत्येक उंचवटा कसा उठून दिसतो, अगदी तसं. जो किरण आपल्या जागी येत नाही त्याला ब्लेड आधी तरी कापतं किंवा सोडून तरी देतं. म्हणून चुकलेली जागा काळी किंवा उजळ दिसते.

"आता काचेवर अंगठा ठेवा, अर्धा मिनिट," भाचा म्हणाला. मी ठेवला आणि परत येऊन पाहिलं. जिथे अंगठा ठेवला होता तिथे टेकाड उभं! माझ्या हाताच्या उबेनं काच तेवढीशी फुगली होती. पाहता पाहता टेकाड विरत गेलं. खरं सांगते, वर्गात इतकी वर्षं शिकवते, पण आपल्या अंगठ्याच्या उबेचा डोंगर होतो हे कधी पाहिलं नव्हतं. पॉलिश केल्या केल्या आरसा तपासत नाहीत, तासन्‌तास थंड होऊ देतात, ते याचसाठी.

यात एक मजेशीर पेच आहे. या परीक्षेत पक्का गोल आरसा निर्दोष दिसतो. ब्लेड सरकलं की सगळीकडे एकसारखा राखाडी. आपल्याला हवा तो पॅराबोला मात्र मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये खळगा आणि भोवती फुगीर कडं. म्हणजे परीक्षेत जो निर्दोष, तो आकाशात कच्चा ठरू शकतो. भाच्याचा आरसा लहान आणि लांब नाभीय अंतराचा, त्यामुळे गोल राहिला तरी काठावर पास झाला असता. पण आरसा मोठा आणि आखूड नाभीचा असेल तर गोल आकार चालतच नाही. म्हणून नुसता वडा पाहून भागत नाही, मोजावं लागतं. आरशापुढे खिडक्या कापलेला पुठ्ठा ठेवून मध्य, मधला भाग आणि कड यांसाठी ब्लेड किती मागे-पुढे न्यावं लागतं ते बघतात. दिवा जागीच ठेवला तर भाच्याच्या आरशासाठी मध्य आणि कड यांत सुमारे २.४ मिलिमीटरचा फरक यायला हवा.

त्याचे आकडे मध्यापासून बरेच आतपर्यंत ठीक होते. पण शेवटच्या पट्ट्यात गडबड होती. आरशाची एका बाजूची कड उजळ दिसे आणि समोरच्या बाजूची अंधारात बुडे. "कड पडलीय असं वाटतं," तो हळूच म्हणाला. "पण माझे डोळे थकलेत. कदाचित मला चुकीचं दिसतंय." दुसऱ्या रीतीनं तपासायचं ठरलं. आणखी रात्र झाल्यावर, तापलेली गच्ची निवल्यावर.

तेवढ्या वेळात त्यानं मला हबलची गोष्ट सांगितली. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० ला अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा जगात सगळ्यांत काटेकोर घासलेल्यांपैकी एक. दोन महिन्यांत कळलं की चित्रं अंधुक येताहेत. कड हवी त्याहून सुमारे २.२ मायक्रॉन सपाट झाली होती, केसाचा पन्नासावा भाग जेमतेम. घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. ज्या उपकरणानं ते आरसा मोजत होते, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. चुकीच्या मापानं अगदी अचूक चुकीचा आरसा तयार झाला! आणि खरी चुटपुट पुढेच आहे. दुसऱ्या, साध्या साधनांनी घेतलेल्या चाचण्यांत दोष दिसला होता. पण 'ती साधनं कमी अचूक' म्हणून ते निकाल बाजूला ठेवले. चौकशी समितीनं हे सगळं १९९० च्या अखेरीस मांडलं. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली, तेव्हा कुठे हबलला नीट दिसू लागलं.

"म्हणून एका परीक्षेवर विश्वास ठेवायचा नाही, मावशी," भाचा म्हणाला.

साडेबाराला गच्चीवर गेलो. आरसा पीव्हीसी पाइपच्या नळीत बसवला. मुलामा नसलेली काचही साधारण चार टक्के प्रकाश परत पाठवते, ठळक ताऱ्यासाठी तेवढा पुरतो. स्वाती नक्षत्राचा तांबूस तारा डोक्यावरून पश्चिमेकडे झुकला होता. त्यावर दुर्बीण लावली. फोकस केल्यावर तो टिंबासारखा दिसला, मी खूश! पण परीक्षा टिंबाची नव्हतीच. फोकसची नळी थोडी आत नेली की तारा पसरून तबकडी होते, तिच्यात एकात एक कडी दिसतात. तेवढीच नळी बाहेर काढली की पुन्हा तबकडी. आरसा चांगला असेल तर आतली आणि बाहेरची तबकडी जुळ्या बहिणींसारखी दिसायला हवी.

"तुम्हीच बघा," तो म्हणाला. "मला जे हवंय तेच मला दिसेल. तुम्हाला यातलं काही माहीत नाही, म्हणून तुमचा डोळा खरा."

वाचकहो, मी मराठीची एम. ए. भौतिकशास्त्राशी दहावीनंतर माझी भेट नाही. पण दोन चित्रं सारखी आहेत की नाहीत, हे सांगायला पदवी लागत नाही. मी तीनदा आत-बाहेर करून पाहिलं. बाहेरच्या तबकडीची कड रेखीव होती. आतल्या तबकडीची कड विरघळलेली, दिवाळीच्या रांगोळीवर फुंकर बसावी तशी.

मी क्षणभर थांबले. मागे अक्का कोकमचं सरबत घेऊन उभी होती. दाजी पायरीवर बसले होते. पाच महिने या मुलानं परीक्षा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, रात्री जागून हे केलं होतं. तोंडात आलेलं वाक्य होतं, "छान दिसतंय रे!"

ते वाक्य मी पूर्वी एकदा वापरलेलं आहे, म्हणून ते गिळलं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं कवितांची वही वाचायला दिली होती. पेपर तपासण्याचे दिवस होते. मी वही चाळली, चार ओळी बऱ्या वाटल्या, आणि म्हणाले, "छान आहेत, छापून काढ." तिच्या वडिलांनी शेतमालाच्या पैशातून पुस्तक काढलं. गठ्ठे घरातच राहिले. पुढे भेटली तेव्हा ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही नीट वाचल्या होत्या का?" त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. त्या कवितांत दुरुस्त होण्यासारखं पुष्कळ होतं. मी तिला तेही सांगितलं नाही. मी दयाळूपणा केला नव्हता, वेळ वाचवला होता.

मी भाच्याला म्हटलं, "सारख्या नाहीत. आतल्या बाजूची कड विस्कटलेली आहे. बाहेरची नाही."

तो काही बोलला नाही. स्वतः डोळा लावून बराच वेळ आत-बाहेर करत राहिला. आधी आरसे नळीत सरळ बसलेत की नाही ते तपासलं. जुळणी वाकडी असली की चांगल्या आरशालाही दोष लागतो. जुळणी ठीक होती. मग म्हणाला, "हो. कडच पडलीय. ब्लेडनं तेच सांगितलं आणि ताऱ्यानंही तेच."

कारणही त्यालाच सापडलं. पिचची गादी उकाड्यात मऊ पडते. मऊ गादीवर काच कडेला रुतते आणि कडेची काच जास्त झिजते. सुरतेचा एप्रिल-मे, पत्र्याची खोली, भर दुपारचं पॉलिश. काच काय करणार?

"आता?" अक्कानं विचारलं.

दोन मार्ग होते. एक, कडेचा पाच मिलिमीटरचा पट्टा काळ्या कागदाच्या कड्यानं झाकून टाकायचा. वाईट किरण बंद, उरलेला आरसा खरा. त्यात साधारण तेरा टक्के प्रकाश जातो. दुसरा, गादीत राळ मिसळून ती कडक करायची, रात्रीच्या गारव्यात आखूड हात मारत पुन्हा पॉलिश करायचं. त्यात महिने जातील आणि शेवटी काय होईल याची हमी नाही.

इतका वेळ गप्प असलेले दाजी म्हणाले, "हिऱ्यात आम्ही रोज हेच करतो. कच्च्या खड्याचं वजन वाचवत बसलं की घाट बिघडतो. घाट नीट हवा तर वजन सोडावं लागतं. सध्या झाक. पावसाळ्यात आकाश बंदच असतं, तेव्हा बस घासत." आणि जरा थांबून, "दुपारी पॉलिश करू नको हे मी सांगायला हवं होतं. उन्हाळा काय मला नवा आहे?"

दुसऱ्या दिवशी कागदाचं कडं बसलं. संध्याकाळी सोसायटीची सगळी पोरं गच्चीवर. चंद्राला तर मुलामा नसलेला आरसाच बरा, डोळे दिपत नाहीत. विवरांच्या कडा अशा लख्ख दिसल्या की एका आजीबाईंनी नमस्कारच केला.

जाता जाता, तुमच्यापैकी कुणी मुलांसाठी दुर्बीण घ्यायच्या विचारात असेल तर या आठ दिवसांतलं शहाणपण सांगून ठेवते. आरशाची चकाकी पाहून भुलू नका आणि एखाद्या ओरखड्यानं घाबरू नका. 'लहरीचा दहावा हिस्सा अचूक' असं प्रमाणपत्र मिळालं तर विचारा: ही चूक काचेवरची की लहरीतली? सगळ्यांत मोठी की सरासरी? कोणत्या रंगाच्या प्रकाशात? याचं उत्तर नसेल तर तो आकडा नुसता आकडा आहे. परिपूर्ण आरसा जेवढा प्रकाश ताऱ्याच्या मधल्या टिंबात आणतो, त्याच्या निदान ऐंशी टक्के आणणारा आरसा चांगला समजतात. म्हणजे इथे ऐंशी टक्क्यांना पास. दुर्बीण बाहेर ठेवून अर्धा-पाऊण तास निवू द्या, जुळणी पाहा, मग एका ताऱ्यावर फोकसच्या आत आणि बाहेर समान अंतरावर बघा. हवा उकळत असेल तर निकाल पुढे ढकला. एका रात्रीत कुणाला नापास करू नका, आणि पासही करू नका. आणि सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवू नका.

सुरतेहून परत आल्यावर जूनमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्याच महिन्यात एका मुलानं कथा आणून दिली. दोनदा वाचली. शेवट विस्कटलेला होता, सुरुवात रेखीव होती. दोन्ही सांगितलं. तो तीन आठवडे माझ्या वर्गात दिसला नाही आणि मला वाटलं, झालं, गेला. चौथ्या आठवड्यात नवा शेवट लिहून घेऊन आला. तो पहिल्यापेक्षा बरा आहे, पण अजून झालेला नाही. हेही सांगितलं.

भाच्यानं अख्खा पावसाळा घासण्यात घालवला. दिवाळीनंतर परवा त्याचा फोन आला. तिकडे आकाश उघडलं होतं. "मावशी, काल ताऱ्यावर लावला. आत आणि बाहेर जवळजवळ सारखं दिसतंय."

मी म्हटलं, "अरे वा! मग आता मुलामा?"

"'जवळजवळ' म्हटलं ना मावशी," तो म्हणाला. "आज रात्री बाबा बघणार आहेत. मग ठरवू."